कच्च्या कैद्याची मतदार चिठ्ठी

प्रश्न : माझा धाकटा भाऊ मारामारीच्या एका गुन्ह्यात कच्चा कैदी म्हणून जिल्हा कारागृहात होता, अजूनही तिथेच आहे. सतरा महिने झाले. जामीन मंजूर झालाय, पण जामीनदार मिळत नाही. विधानसभेच्या वेळी घरी चार मतदार चिठ्ठ्या आल्या, त्यात एक त्याची होती. आई म्हणाली, "ही त्याला मुलाखतीला नेऊन देऊ का?" मी कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कैद्यांना मतदान करता यावं यासाठी काम उभं करायचं मनात आहे. सुरुवात कुठून करू? आणि "गुन्हेगारांना मत कशाला?" असं विचारणाऱ्यांना काय सांगू?

उत्तर : मोहिमेचं नंतर बोलू. तुमच्या पत्रातलं एक वाक्य तुम्ही घाईत लिहून पुढे गेलात, मी तिथेच थांबले. जामीन मंजूर झालाय, पण जामीनदार मिळत नाही.

मंजूर होऊन किती दिवस झाले ते तुम्ही लिहिलेलं नाही. महिना उलटला असेल तर उद्याच जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या लोकअभिरक्षक कार्यालयात (आरोपींना मोफत वकील देणारं कार्यालय) जा. सर्वोच्च न्यायालयाने 31 जानेवारी 2023 ला याच प्रश्नावर निर्देश दिलेत. जामिनाच्या आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने कारागृहात जायला हवी. सात दिवसांत माणूस सुटला नाही तर अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं. महिनाभरात जामीनदार उभा राहिला नाही तर अटी सैल करता येतील का, हे न्यायालयाने स्वतःहून पाहायचं. स्थानिक जामीनदाराचा हट्ट हे सुटका लांबण्याचं एक कारण आहे आणि अशा वेळी ती अट घालू नये, असंही त्यात म्हटलंय. शिवाय केंद्राची 2023 ची गरीब कैद्यांसाठीची योजना आहे. त्यात जिल्हा पातळीवरची समिती कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ठरलेल्या मर्यादेपर्यंत पैसे भरू शकते. काही कायद्यांखालचे आरोपी तिच्यातून वगळलेत, मारामारीचा गुन्हा त्यात बसत नाही.

आणखी एक. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 479 नीट वाचा, त्यात एक बारीक शब्द आहे. पूर्वी कधीच शिक्षा न झालेल्या माणसाने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला 'बंधपत्रावर' सोडायचं आहे. या संहितेत बंधपत्र म्हणजे जामीनदाराशिवायचं स्वतःचं हमीपत्र. भावावरच्या गुन्ह्याला कमाल 3 वर्षं शिक्षा असेल तर तिसरा हिस्सा 12 महिन्यांचा होतो आणि तो 17 महिने आत आहे. एकापेक्षा जास्त गुन्ह्यांत किंवा प्रकरणांत तपास अगर खटला चालू असेल तर हे अडतं, आणि फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ते लागू नाही. पण तपासून पाहा. मुदत भरली की न्यायालयाला अर्ज करण्याची जबाबदारी याच कलमाने कारागृह अधीक्षकावर टाकलीये. ते करतील याची वाट बघत बसू नका.

तुम्ही म्हणाल, मी मतदानाचं विचारलं आणि ह्या बाई जामिनाचं सांगत बसल्या. माझ्या लेखी ते एकच आहे. तुमचा भाऊ ज्या दिवशी फाटकाबाहेर येईल त्या दिवसापासून त्याला मतदान करता येतं. खटला तोच, आरोपपत्र तेच, पुढची तारीखही तीच. मधे फक्त एक सातबारा किंवा ऐपतीचा दाखला आला. पंचवीस वर्षं कच्च्या कैद्यांच्या अर्जांवर काम करून माझं मत असं झालंय की आपल्याकडे कैद्याचं मत गुन्ह्यामुळे कमी जातं आणि ऐपत नसल्यामुळे जास्त जातं. मोहीम उभी करायची तर याच जागेवरून करा.

कायदा काय म्हणतो ते एकदा पाहून घ्या, कारण वकिलांनासुद्धा तो नीट ठाऊक नसतो. लोकप्रतिनिधित्व अधिनियम 1951, कलम 62, पोटकलम 5. शिक्षेमुळे 'किंवा अन्यथा' तुरुंगात असलेल्या, अथवा पोलिसांच्या कायदेशीर कोठडीत असलेल्या व्यक्तीने कोणत्याही निवडणुकीत मतदान करायचं नाही. सगळी मेख त्या 'अन्यथा'त आहे. त्या एका शब्दात देशातले लाखो कच्चे कैदी कोंबलेत. (त्याच वाक्यात काळ्या पाण्याच्या शिक्षेचाही उल्लेख आहे. ती शिक्षा 1955 च्या दुरुस्तीने दंडसंहितेतून गेली, या कलमात मात्र तशीच पडून आहे. कुणी ते कलम उघडून बघितलंय कुठे!)

आता गंमत पाहा. खुनाचा आरोपी जामिनावर असेल तर मतदान करतो. सत्र न्यायालयाने सात वर्षं ठोठावलेला माणूस अपिलात शिक्षा स्थगित करून बाहेर असेल तर तोही रांगेत उभा राहतो. प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेखालच्या माणसाला तर कलमातच सूट आहे. आपल्याकडे 1981 चा एमपीडीए कायदा झोपडपट्टी गुंड, हातभट्टीवाले, धोकादायक व्यक्ती यांच्यासाठी आहे. पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी ज्याला समाजाला धोका म्हणून स्थानबद्ध करतात, त्याला टपालाने मतपत्रिका मिळण्याचा हक्क आहे. त्याच कारागृहातल्या शेजारच्या बराकीत मोबाईल चोरीत अडकलेला, जामिनाचे 15,000 भरू न शकलेला पोरगा असतो. त्याला नाही. विद्यार्थ्यांना हे सांगते तेव्हा त्यांना वाटतं मी चुकून उलटं बोलले.

आणि ज्याला मत देता येत नाही त्याला मत मागता येतं. 1977 मध्ये जॉर्ज फर्नांडिस तुरुंगातून मुझफ्फरपूरला उभे राहिले आणि तीन लाखांहून जास्त मताधिक्याने निवडून आले. 2024 मध्ये तिहारमधून इंजिनिअर रशीद बारामुल्लाचे खासदार झाले. मधे एकदा हे दार बंद झालं होतं. पाटणा उच्च न्यायालयाने म्हटलं की ज्याला मतदान करता येत नाही तो मतदार नाही, आणि मतदार नाही तो उमेदवार कसा? सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2013 मध्ये 'जन चौकीदार' प्रकरणात ते कायम केलं. तर्क बिनतोड होता. तिथे संसदेला घाई झाली. त्याच वर्षी दुरुस्ती आली : मतदानाला मनाई असली तरी यादीत नाव असलेला माणूस 'मतदार' राहतोच. म्हणजे उभं राहण्याची सोय झाली आणि मतदानाची मनाई जिथल्या तिथे राहिली. मला त्या दुरुस्तीचा राग येतो, पण पुढे सांगते तसा तिचा एक उपयोगही आहे.

महाराष्ट्रात हे कलम चहाच्या टपरीपर्यंत पोचलं ते जून 2022 मध्ये. तेव्हा न्यायालयीन कोठडीत असलेल्या अनिल देशमुख आणि नवाब मलिक यांनी आधी राज्यसभेच्या आणि मग विधान परिषदेच्या मतदानासाठी परवानगी मागितली, आणि याच कलमावर बोट ठेवून ती नाकारली गेली. छगन भुजबळांना मात्र 2017 मध्ये आर्थर रोड कारागृहातून राष्ट्रपतिपदाच्या मतदानाला नेलं होतं, ती निवडणूक वेगळ्या कायद्याखाली होते. त्या जूनमध्ये आम्ही दोन पानी टिपण काढून वर्तमानपत्रांकडे पाठवलं. कुणी घेतलं नाही. एका उपसंपादकांनी स्पष्टच विचारलं, "मॅडम, तुम्ही कुठल्या बाजूच्या?" बराकीतल्या माणसांबद्दल बोलतोय हे त्यांना पटेना. चूक आमचीच. आमदारांच्या एका मतावर सरकार हलत असताना कच्च्या कैद्याचं कोण ऐकणार? निवडणुकीच्या ऐन गदारोळात हा विषय काढू नका, कुठल्या तरी पक्षाचा शिक्का बसतो आणि मग निघत नाही.

आता 1997 चा निकाल. अनुकूल चंद्र प्रधान विरुद्ध भारत सरकार. तत्कालीन सरन्यायाधीश जे. एस. वर्मा यांच्या पीठाने कलम वैध ठरवलं. कारणं मुख्यतः तीन. सगळ्या कैद्यांना मतदान करू द्यायचं तर फार मोठा बंदोबस्त आणि खर्च लागेल. आपल्या वर्तनामुळे आत गेलेला माणूस बाहेरच्याइतकं स्वातंत्र्य मागू शकत नाही. आणि गुन्हेगारी पार्श्वभूमीच्या लोकांना निवडणुकीपासून दूर ठेवणं हा रास्त हेतू आहे.

तिसऱ्या कारणाचं काय झालं ते आपण दर निवडणुकीत उमेदवारांच्या प्रतिज्ञापत्रांत वाचतो. पहिलं कारण तेव्हाही लंगडं होतं, आता तर उभंच राहत नाही. कैद्याला केंद्रावर न्यायचंच नाहीये. स्थानबद्धांसाठी टपाली मतदानाची पद्धत 1961 च्या निवडणूक नियमांत आहेच. सैनिकांना मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक पद्धतीने जाते. 2024 मध्ये 85 वर्षांवरच्या आणि दिव्यांग मतदारांच्या घरी कर्मचारी पेटी घेऊन गेले. गीरच्या जंगलात बाणेजला एका महंतासाठी केंद्र मांडण्याचा शिरस्ता आपण कौतुकाने सांगतो. कारागृहात तर माणसं एका जागी, रोज मोजलेली, ओळख पटलेली असतात. सकाळ-संध्याकाळ गिनती होते. याहून सोपं मतदान केंद्र निवडणूक आयोगाला मिळणार नाही.

दुसरं कारण अवघड आहे, आणि तुमचा दुसरा प्रश्न तोच आहे. इथे नवे कार्यकर्ते हमखास घसरतात, मीही घसरले होते.

पुष्कळ वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी सभा होती. मी तावातावाने सांगत होते की कच्चे कैदी निर्दोष असतात, सिद्ध होईपर्यंत निर्दोष. मागच्या रांगेतून एक बाई उठल्या. त्यांच्या मुलाचा खून झाला होता. म्हणाल्या, "माझ्या पोराचं नाव यादीतून कापलं. मी स्वतः जाऊन फॉर्म भरला, मयत म्हणून. ज्यानं मारलं त्याला मत द्या म्हणता?" सभा गार पडली. माझ्याकडे कलमं होती, उत्तर नव्हतं. मग त्या खाली बसता बसता म्हणाल्या, "आन् तो देतोच की मत. जामिनावर हाय. मागच्या बारीला माझ्या पुढं चार मानसं सोडून हुबा होता."

सभेतल्या कुणालाच हे माहीत नव्हतं. सगळ्यांची समजूत अशी की 62(5) गुन्हेगाराला मतापासून रोखतं. त्या दिवसापासून मी 'निर्दोष' हा शब्द सभेत वापरत नाही. एक तर तो समोरच्याच्या दुःखावर पाय देऊन पुढे जातो. दुसरं, मत निर्दोष असण्यावर टांगलं की पक्क्या कैद्यांचं काय, याला आपण आपल्याच तोंडाने उत्तर देऊन बसतो. मी आता एवढंच विचारते : ज्या गोष्टीसाठी या माणसाला आत ठेवलंय, त्याच गोष्टीसाठी दुसरा बाहेर मतदान करतोय. फरक कशाचा पडला? लोक थोडा वेळ गप्प बसतात. मग कुणीतरी म्हणतं, "पैशाचा." हे त्यांच्या तोंडून आलं पाहिजे.

आकडे हवेत तर राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे घ्या, दुसरे नको. 2022 अखेर देशात 5,73,220 कैदी होते, त्यातले 4,34,302 कच्चे. म्हणजे 75.8 टक्के. कारागृहांची क्षमता 4,36,266. जवळजवळ अख्खी क्षमता एकट्या कच्च्या कैद्यांनीच भरते, हे या दोन आकड्यांकडे बघितलं की कळतं. त्या कच्च्या कैद्यांतले निम्म्याच्या आसपास 18 ते 30 वयाचे. म्हणजे आयुष्यातलं पहिलं मतदान हुकलेले त्यात किती असतील ते तुम्हीच अंदाज करा. महाराष्ट्रात पाचातले साधारण चार कच्चे, आणि माणसं क्षमतेच्या दीडपटीहून जास्त. रात्री कूस बदलायची तर शेजाऱ्याला उठवावं लागतं, असं मला आर्थर रोडहून सुटलेल्या एकाने सांगितलं होतं. तो हसत सांगत होता.

मताचा आणि या दाटीचा काय संबंध, ते मला एका प्रचार कार्यालयात समजलं. आम्ही जिल्हा कारागृहातल्या पाण्याच्या टाकीचं निवेदन घेऊन उमेदवारांकडे जात होतो. एका कार्यकर्त्याने निवेदन हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि विचारलं, "ताई, तिथं मतं किती?" मी म्हटलं, शून्य. त्याने ते घडी करून परत दिलं. उर्मट नव्हता तो, हिशेबी होता. न्यायमूर्ती मुल्ला समितीने 1983 मध्ये कारागृह सुधारणांचा भलाथोरला अहवाल दिला. पण न्यायालयाने हात घातल्याशिवाय कारागृहांत फारसं काही हललं नाही. बिहारमधल्या कच्च्या कैद्यांचं 1979 चं हुसैनआरा खातून प्रकरण, 1983 मध्ये शीला बारसे यांच्या पत्रावरून मुंबईतल्या महिला कैद्यांसाठी झालेले आदेश, आणि अगदी अलीकडे 3 ऑक्टोबर 2024 ला पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर कारागृहांतल्या जातीवर आधारित कामवाटपाचे नियम रद्द झाले ते. झाडलोट कुणी करायची आणि स्वयंपाक कुणी, हे जातीवरून ठरवणारे नियम स्वातंत्र्यानंतर सत्त्याहत्तर वर्षं पुस्तकात राहिले. त्या बराकींतून कुणाला मतं मागायची असती तर राहिले असते का?

तरीही न्यायालयावरच विसंबू नका, असं मी सांगेन. ब्रिटनचं उदाहरण घ्या. 1870 च्या कायद्यापासून तिथे शिक्षा भोगणाऱ्या कैद्यांना मत नाही. (कच्च्या कैद्यांना तिथे मत आहे, हे आपल्याकडच्या चर्चेत कायम निसटतं.) जॉन हर्स्ट नावाचा मनुष्यवधाची शिक्षा भोगणारा कैदी आतच कायदा शिकला आणि सरकारविरुद्ध लढत स्ट्रासबुर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयापर्यंत गेला. 6 ऑक्टोबर 2005 ला मोठ्या पीठाने 12 विरुद्ध 5 ने सांगितलं की सरसकट बंदी चालणार नाही. तोवर तो सुटूनही आला होता. पुढे काय झालं? फेब्रुवारी 2011 मध्ये ब्रिटिश संसदेने 234 विरुद्ध 22 मतांनी बंदी ठेवण्याचा कौल दिला. कैद्याला मत द्यायच्या कल्पनेनेच आपल्याला मळमळतं, असं पंतप्रधान कॅमेरॉन म्हणाले होते. शेवटी 2017-18 मध्ये तात्पुरत्या रजेवर बाहेर असलेल्या मूठभर कैद्यांना परवानगी देऊन प्रकरण मिटवलं. फक्त स्कॉटलंडने 2020 मध्ये 12 महिन्यांपर्यंतच्या शिक्षेच्या कैद्यांना आपल्या निवडणुकांत मत दिलं. न्यायालयात जिंकून लोकांत हरल्यावर काय होतं ते यात दिसतं.

उलट दक्षिण आफ्रिका. तिथल्या संविधान न्यायालयाने 1999 मध्ये कैद्यांची नावनोंदणी आणि मतदानाची व्यवस्था करण्याचे आदेश निवडणूक आयोगाला दिले. न्यायमूर्ती अल्बी सॅक्स यांनी लिहिलं की प्रत्येक नागरिकाचं मत हे त्याच्या प्रतिष्ठेचं आणि माणूसपणाचं चिन्ह आहे. कालपरवापर्यंत जिथे बहुसंख्यांना मतच नव्हतं, तिथे ते वाक्य लोकांना समजावून सांगावं लागलं नाही. आणि लांब कशाला जायचं, पाकिस्तान आणि बांगलादेशच्या निवडणूक कायद्यांत कारागृहातल्या मतदारासाठी टपाली मतदानाची तरतूद आहे. प्रत्यक्षात किती जणांना ते मिळतं हा भाग वेगळा, पण "आपल्याकडच्या परिस्थितीत शक्यच नाही" म्हणणाऱ्याला हे सांगायला हरकत नाही.

आपल्या मातीतलंही एक प्रकरण लक्षात ठेवा, भाषणात उपयोगी पडतं. प्रभाकर संझगिरी मुंबईच्या कारागृहात स्थानबद्ध होते. त्यांनी आत बसून मराठीत 'अणूच्या अंतरंगात' हे विज्ञानाचं पुस्तक लिहिलं. हस्तलिखित बाहेर पाठवायला सरकारने नकार दिला. 1965 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की स्थानबद्धतेच्या अटींनी जे काढून घेतलेलं नाही ते माणसाकडे राहतं, पुस्तक बाहेर जाऊ द्या. अणूवरचं पुस्तक कारागृहाच्या भिंतीबाहेर जाऊ शकतं तर शिक्का मारलेला कागद का जाऊ नये? आणि येरवडा तर सगळ्यांना ठाऊक आहे. या देशातल्या मतदारसंघांचा सगळ्यात महत्त्वाचा करार, पुणे करार, 24 सप्टेंबर 1932 ला कारागृहाच्या आवारात झाला, आणि त्यातली एक बाजू कैदी होती.

आता तुम्ही प्रत्यक्ष काय करावं. मोठी संघटना, नाव, लेटरहेड यात सहा महिने घालवू नका. एक जिल्हा कारागृह घ्या, तुमच्या भावाचंच. आत शिरायचा प्रयत्न करू नका, परवानग्यांमध्ये दमाल. रविवार सोडून कुठल्याही दिवशी सकाळी फाटकाबाहेर मुलाखतीची रांग असते. आया, बायका, डबा घेऊन आलेले म्हातारे बाप. ते सगळे मतदार आहेत. आत मतं शून्य असली तरी बाहेरच्या रांगेत आहेत, आणि त्या कार्यकर्त्याला मी हे तेव्हा सांगायला हवं होतं. मला ते परतीच्या एसटीत सुचलं.

त्या रांगेत एकच काम करा : आतल्या माणसाचं नाव यादीत आहे का ते पाहून द्या. ही मोहिमेची पहिली पायरी आहे आणि तिला कुणाची परवानगी लागत नाही. यादीच्या पुनरीक्षणाच्या वेळी बीएलओ (मतदान केंद्राची यादी सांभाळणारा कर्मचारी) घरी येतो, "मुलगा इथे राहत नाही" ऐकतो आणि स्थलांतरित लिहून मोकळा होतो. आई लाजेने कारागृहाचं नाव काढत नाही. असं करून नाव गेलं की माणूस सुटल्यावरही मतदानाला मुकतो, पुन्हा नावनोंदणीचा नमुना 6 भरून रांगेत. कायदा मात्र स्पष्ट आहे. 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 20 नुसार तुरुंगात असल्यामुळे कुणी तिथला रहिवासी ठरत नाही. त्याचं घर ते घरच. वर सांगितलेली 2013 ची दुरुस्ती इथे कामाला येते : मतदानाची मनाई म्हणजे यादीतून नाव जाणं नव्हे. पुढाऱ्यांसाठी केलेली तरतूद तुमच्या भावाच्या कामी येऊ द्या. नाव वगळलं असेल तर नोंदणी अधिकाऱ्याच्या आदेशावर 15 दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं. मुदत चुकवू नका.

दुसरं काम माहिती अधिकाराचं. दहा रुपयांचा अर्ज, जिल्हाधिकारी कार्यालयाच्या निवडणूक शाखेला. गेल्या लोकसभेला आणि विधानसभेला प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेखालचे किती मतदार कळवले गेले, किती टपाली मतपत्रिका गेल्या, किती परत आल्या? मी एका जिल्ह्यात हा अर्ज केला होता. तीनही रकान्यांत उत्तर आलं, "निरंक". त्याच काळात तिथल्या कारागृहात एमपीडीएचे स्थानबद्ध होते, हे कारागृहाच्याच दुसऱ्या उत्तरात होतं. ज्यांना कायद्याने मत आहे त्यांनाही ते पोचत नाही, हे कागदावर आलं की तुमच्याकडे एक ठोस मागणी तयार होते, तिच्यासाठी कायदा बदलायला नको. ती आधी पदरात पाडा. टपाली मतपत्रिका एकदा का कारागृहाच्या फाटकातून आत गेली आणि बाहेर आली की "शक्य नाही" हे म्हणणं संपतं.

न्यायालयीन आव्हान त्यानंतर. दिल्ली उच्च न्यायालयात कायद्याच्या विद्यार्थ्यांनी हे कलम आव्हानित केलं होतं, फेब्रुवारी 2020 मध्ये याचिका फेटाळली गेली. मतदानाचा हक्क कायद्याने दिलेला, कायदाच मर्यादा घालू शकतो, आणि 1997 चा निकाल समोर आहेच. पुन्हा जाणाऱ्याने 1997 नंतर काय बदललं ते दाखवायला हवं : 2013 ची दुरुस्ती, त्याच वर्षीचा 'नोटा'चा निकाल (मत देणं हा अभिव्यक्तीचा भाग मानणारा), घरबसल्या मतदान, आणि तुमच्या माहिती अधिकाराची उत्तरं. मागणीही नेमकी ठेवा. सगळं कलम रद्द करा म्हणण्यापेक्षा ज्यांना जामीन मंजूर झालाय पण ऐपत नाही, त्यांच्यापुरता तो 'अन्यथा' शब्द मर्यादित करा, एवढं मागितलं तर कुठल्याही न्यायाधीशाला थांबून विचार करावा लागेल. पक्क्या कैद्यांना हे आवडणार नाही. येरवड्याच्या एका जन्मठेपवाल्याने मला विचारलंच होतं, "आमचा नंबर कधी?" त्याला खोटं आश्वासन दिलं नाही. माझ्या मते त्यांनाही मत असायला हवं, पण सुरुवात तिथून केली तर ब्रिटनसारखी गत होईल. हा माझा हिशेब आहे, तुम्हाला पटला नाही तर तसं सांगा.

एक व्यावहारिक सूचना. अर्जात 'कैदी' न लिहिता 'न्यायाधीन बंदी' लिहा, कार्यालयीन शब्द तो आहे, टेबलावरचा माणूस कागद परत करायला कारण शोधत नाही. आणि कारागृहातल्या कर्मचाऱ्यांना शत्रू करू नका. तीन माणसांच्या जागेत पाच ठेवायची वेळ त्यांच्यावरही येते. आतल्या नोंदी शेवटी तेच देतात.

आईंना सांगा, चिठ्ठी मुलाखतीला नेऊ नका. झडतीत काढून घेतील आणि परत मिळणार नाही. त्या तारखेला भावाचं नाव यादीत होतं याचा तो कागद आहे. यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांक त्यावर छापलेला असतो, तेवढा वहीत उतरवून घ्या आणि चिठ्ठी रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा. पुढच्या प्रारूप यादीत पहिल्यांदा तोच अनुक्रमांक शोधा. आणि लोकअभिरक्षक कार्यालयात जाताना जामिनाच्या आदेशाची प्रत विसरू नका, तारीख तिच्यावरच असते.